पाऊस काय मोजून पडतो का?

आज डोकं फिरलंय. सकाळी गच्चीच्या पाइपातून पाणी धो धो गेटबाहेर चाललंय आणि त्याच पाण्यातून टँकर रिव्हर्स घेत आत येतोय. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर उत्तरादाखल हसऱ्या इमोज्या!

गच्चीवरचं पावसाचं पाणी वाया न घालवता टाकीत किंवा बोअरला सोडलं तर किती पाणी मिळेल, हा हिशोब मागच्या मीटिंगला मी मांडत होते तर आमचे खजिनदारकाका म्हणाले, "अहो ताई, पाऊस काय मोजून पडतो का?" झालं, सगळे हसले, विषय संपला.

अहो काका, मोजूनच पडतो! पेपरात रोज मिलिमीटरचे आकडे येतात ते कशाचे मग? एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढंच गणित आहे. आमची गच्ची ४००० स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण ३७० चौरस मीटर, पुण्यात वर्षाचा ७०० मिमी पाऊस धरा, २ लाख ५९ हजार लिटर होतात. त्यातलं काही स्लॅबमध्ये मुरतं, काही उडून जातं, पहिल्या सरींचं कबुतरांच्या घाणीचं पाणी तर सोडूनच द्यायचं, म्हणून ८० टक्केच धरा, तरी २ लाखांच्या वर उरतं. १० हजार लिटरवाले २० टँकर! (उतरतं छप्पर असेल तर उताराची लांबी धरू नका हां, छपराखाली जमीन जेवढी झाकली जाते तेवढीच धरायची. गावच्या घराला दादाने कौलांवरून टेप लावून आकडा उगाच फुगवला होता.)

मान्य, टाकीत भरून मेपर्यंत पुरणार नाही, आणि बोअरला सोडलेलं सगळं आपल्यालाच परत मिळेल असंही नाही. पण म्हणून रस्त्यावर सोडायचं? पार्किंगभर पेव्हर ब्लॉक बसवायला बरे पैसे निघाले!

काकांवर राग नाहीये खरं तर. टँकर आला नाही की पहाटे सगळे त्यांनाच फोन लावतात, ते बिचारे बनियनवरच व्हॉल्व्ह फिरवायला खाली उतरतात. पण ते "मोजून पडतो का" आठवलं की परत तिडीक जाते. काका, सगळ्यात जास्त फायदा तुमच्याच झोपेचा आहे हो!

असो. जुन्या बिल्डिंगला गच्चीचे पाइप जोडून बोअरपर्यंत कोणी नेलेत का? वाळू-खडीचा फिल्टर कितपत टिकतो, साफ कोण करतं, खर्च किती आला, सगळं सांगा. आमच्या गच्चीला पाच आउटलेट आहेत, त्यातलं एक कोणाच्या तरी कुंड्यांखाली बुजलंय.