यात घडतं काय?

परवा भाचा चेहरा पाडून आला. त्याची सिनेमाची कल्पना एका निर्मात्याने दोन मिनिटांत नाकारली होती. मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला रात्री हिशेबात चाळीस रुपये कमी लागतात आणि तो पहाटेपर्यंत ते शोधत बसतो, एवढीच गोष्ट. निर्माता म्हणाला, "यात घडतं काय?"

या प्रश्नाची मला चीड आहे. हाच प्रश्न 'श्वास'ला लावून बघा. कोकणातले आजोबा नातवाला शहरात डॉक्टरकडे आणतात. डोळ्याचा कॅन्सर. ऑपरेशन केलं तर मूल वाचेल, पण दृष्टी जाईल. झाली गोष्ट! तिकीट काढून हे कोण बघायला येणार? पण दिग्दर्शक संदीप सावंतांनी नेमकी नस पकडली: हे त्या पोराला सांगायचं कुणी आणि कसं? ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, सगळं एकदा डोळे भरून बघता यावं म्हणून. तिथे रोजचा रस्ता, रोजची माणसं आपणही अधाशासारखी बघू लागतो. २००४ मध्ये थिएटरात शेजारच्या अनोळखी बाईंनी मला स्वतःचा रुमाल दिला होता. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला, तो या 'काहीच न घडणाऱ्या' गोष्टीमुळे.

'वळू' घ्या. गावात डुरक्या नावाचा एक मोकाट बैल, त्याला पकडायला आलेला फॉरेस्टचा साहेब. बस्स. पण उमेश कुलकर्णींनी कॅमेरा गावाकडे वळवला आणि डुरक्याच्या नावावर जो तो आपली पापं कशी खपवतो ते दिसलं.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये तर तारखांवर तारखा पडतात. खटला सोडून कॅमेरा सरकारी वकीलबाईंच्या घरी जातो, स्वयंपाक बघतो. आणि मग कळतं, कुणाचं आयुष्य पणाला लागलंय ते ठरवणारी माणसं इतकी साधी, आपल्यासारखीच आहेत. मला त्याची भीती वाटली होती.

प्रत्येक किरकोळ कल्पनेत सिनेमा असतो असं मी म्हणत नाही. पुष्कळ किरकोळच राहतात. पण भव्य विषय घेऊन आलेले, तलवारी आणि ढोलांनी भरलेले किती चित्रपट कोरडे गेले, तेही मी पैसे मोजून बघितलंय.

भाच्याला मी एकच विचारलं, "चाळीस रुपये खिशातून भरले की विषय संपतो. मग तो भरत का नाही?"

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, वही आहे का गं?"