फाउंडर व्हायचंय? मग आधी गिऱ्हाईकाचा नाद सोडा

सगळ्यात आधी बायो बदला. कंपनी, प्रॉडक्ट, जीएसटी नंबर हे सगळं सावकाश होत राहील, पण लिंक्डइनवर नावाखाली 'फाउंडर अँड सीईओ' आजच्या आज पडलं पाहिजे आणि शेजारी एक रॉकेट. तुम्ही पारोळ्याचे असा नाहीतर दोंडाईच्याचे, लोकेशन मात्र 'जळगाव, पुणे, बेंगळुरू' असंच टाकायचं. मावसभावाच्या साखरपुड्याला एकदा गेला होतात ना बेंगळुरूला, मग झालं तर.

मग स्टोरी. हे नीट ऐका भो, कारण आपली खान्देशी पोरं इथेच मार खातात. अमेरिकेतल्या फाउंडरकडे गॅरेज असतं. ह्युलेट आणि पॅकार्ड १९३८ ला पालो अल्टोतल्या एका गॅरेजात कामाला बसले, आणि आता तिथे पाटी आहे की ही सिलिकॉन व्हॅलीची जन्मभूमी. आपल्याकडे गॅरेज म्हणजे बसस्टँडमागे कोणाची तरी स्प्लेंडर खोललेली असते ते, तिथे लॅपटॉप घेऊन बसलात तर मिस्तरी तुम्हालाच चहा आणायला पाठवेल. म्हणून गोठा वापरा. स्वतःचा नसेल तर काकांचा चालतो, शेणाचा वास फोटोत येत नाही. फक्त मे महिन्यात फोटोसेशन ठेवू नका, पारा ४५ च्या वर गेला की म्हैससुद्धा स्ट्रगल करायला तयार नसते.

कॉलेजचं पण बघून घ्या. झुकरबर्गने हार्वर्ड सोडलं, तुम्हाला सेकंड इयरला इंजिनीअरिंगच्या गणिताने, म्हणजे एम-थ्रीने, सोडलं नाही, दोन्हीत सोडणं आहेच की. एटीकेटी हा शब्द स्टोरीत कुठेही नको, 'शिक्षण पद्धतीवरचा विश्वास उडाला' एवढंच म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.

परदेशी उदाहरणं जड जात असतील तर घरची आहेतच. अमळनेर घ्या. १९४५ ला तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. १९६६ ला वडील अचानक गेले म्हणून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्ड अर्धवट टाकून परत आले आणि कंपनी हातात घेतली. हे पिच डेकच्या, म्हणजे इन्व्हेस्टरला दाखवायच्या स्लाइडांमधल्या, पहिल्याच स्लाइडवर पाहिजे, जणू काही तुमचा आणि त्यांचा बांधाला बांध आहे. अमळनेरात ज्यांनी ते शेअर धरून ठेवले ते करोडपती झाले हे पण टाका. तुमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात विकून टाकले होते ते नका टाकू. आणि प्रेमजींनी ती डिग्री पुढे कित्येक वर्षांनी का होईना पूर्ण केली, तेवढा भाग गाळा, उगाच घरच्यांना एम-थ्री आठवतं.

नाहीतर जळगावचे भवरलाल जैन, जैन इरिगेशनवाले. सरकारी नोकरीच्या वाटेला गेले नाहीत, १९६३ ला सात हजार रुपये भांडवलावर रॉकेलच्या धंद्यात पडले आणि तिथून ठिबकपर्यंत पोचले. यातले सात हजार उचला, नोकरी नाकारली ते उचला, रॉकेल मात्र सोडा. कारण रॉकेल म्हटलं की गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक आलं की उधारीची वही आली, रात्री गल्ला मोजणं आलं, आणि हे एकदा मागे लागलं की माणूस व्यापारी होऊन बसतो, फाउंडर राहत नाही. जळगावच्या फुले मार्केटात वर्षानुवर्षं दुकान चालवणाऱ्याला कोणी पॉडकास्टवर बोलावल्याचं ऐकलंय का? मग.

आता आयडिया. ती केळीचीच असणार, जळगाव जिल्ह्यात राहून दुसरी सुचेल कशी, 'शेतकऱ्याला दलालाच्या जोखडातून मुक्त करणारं ॲप', नावात पुढे ॲग्री आणि मागे एआय. केळीचा धंदा कसा चालतो याची मात्र चौकशी करत बसू नका, चांगली आयडिया बिघडते. चौकशी केलीत तर कळेल की भाव तर रोज व्हॉट्सॲपवर येतोच, रावेरचा, बऱ्हाणपूरचा, त्यातही मालाच्या प्रकारानुसार नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, वापसीचा वेगळा, आणि फुकट येतो. हेही कळेल की जाहीर झालेला भाव एक आणि हातात पडतो तो दुसरा, आणि तो दुसरा ठरतो माल कसा आहे, गाडी मिळतेय का आणि समोरच्याला तुमची अडचण किती कळलीय त्याच्यावर. वर्षभर लेकरासारखी सांभाळलेली बाग कापणीला आली की मग ती तुमच्या सर्व्हरची वाट बघत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे कळेल की व्यापाऱ्याच्या नावाने पारावर शिव्या घालणारा शेतकरी खताला, दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला उचल त्याच व्यापाऱ्याकडून घेतो, म्हणून माल त्यालाच जातो. तुमच्या ॲपमध्ये उचलीचं बटण आहे का? नाही ना, मग कशाला डोक्याला ताप.

डेमो शेतात ठेवायचा, ड्रोन भाड्याने आणायचा. साधारण असं होईल. चोपड्याकडची बाग, बांधावर ट्रक लागलेला, कापणीवाले भल्या पहाटे आलेले, खांद्यावर घड घेऊन पोरं ये-जा करतायत, शर्टांवर चिकाचे काळे डाग, आणि तुम्ही मधेच उभे राहून म्हणताय, अप्पा, आधी रजिस्टर करा. अप्पांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबराला गाठ. ती सुटली तर ओटीपी येत नाही कारण दाट केळीत रेंज नसते, ती येते मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर. अप्पा धोतर खोचून पत्र्यावर चढतात. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस वजनाच्या चिठ्ठीमागे भाव लिहून ती खिशात घालतो. अप्पा वरून एकेक आकडा ओरडून सांगतात, तुम्ही टाकता, तोवर तो एक्स्पायर. मग अप्पा खाली उतरतात आणि पाठीवर हात ठेवून म्हणतात, "भाऊ, तुन्हं चालू दे, मी गाडी भरी लेस."

लॅपटॉप उघडा आणि लिहा: पहिल्याच दिवशी उपस्थित शेतकऱ्यांपैकी १०० टक्के ऑनबोर्डिंग सुरू. खोटं काय आहे त्यात, उपस्थित अप्पाच होते.

कंपनी काढणं आता सोपं झालंय. एक लाख भांडवलाची अट २०१५ ला गेली, १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया आलं, प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात, दुसरी डायरेक्टर आई. तिला कशावर सही केली ते सांगू नका, रेशनकार्डाचं काम आहे म्हणा. पुढे तिची डायरेक्टर केवायसी राहून जाईल कारण ओटीपीचा फोन कार्टून लावून भाच्याच्या हातात दिलेला असेल, मग तिचा डायरेक्टर नंबर बंद, चालू करायला ५,००० रुपये लेट फी, आणि आई विचारेल की रेशनकार्डाला एवढे?

फंडिंगसाठी मुंबईला कशाला जाता, मामा आहे ना. २०२१ च्या डिसेंबरात शार्क टँक इंडिया सुरू झाल्यापासून मामालोक पण 'इक्विटी किती देतोस' विचारायला लागलेत. मामाकडून पाच लाख घ्या, एक टक्का द्या, झाली कंपनी पाच कोटींची. कशी? १ टक्का ५ लाखाला तर १०० टक्के किती, एवढं गणित तर एम-थ्री न सुटलेल्यालाही येतं. रात्रीतून तुम्ही पाच कोटींच्या कंपनीचे मालक आणि मामाच्या डोक्यात मात्र ते हातउसने. सीए म्हणेल पैसे आल्यावर ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात नाहीतर परत करावे लागतात, त्याला हो हो म्हणा. मामा पण आखाजीला भेटला की हळूच विचारेल, तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे की मामा, आपण सध्या रनवे वाढवतोय (म्हणजे उरलेले पैसे जास्त महिने पुरवतोय, पण ते सांगायचं नाही). मामा एसटीतून रिटायर झालेला माणूस, त्याला वाटेल जळगावच्या विमानतळाचं काहीतरी चाललंय, आणि मानाने गप्प बसेल.

क्लाउडचं बिल, म्हणजे ॲप ज्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतं त्याचं, वडिलांच्या पीककर्जातून. सुरुवातीला फुकट क्रेडिट मिळतात तेव्हा सगळं सुरू करून ठेवायचं, बंद कसं करायचं ते बघायचं नाही.

लग्नाचं काय, असं विचाराल. बायोडाटात सीईओ लिहा, पगाराच्या रकान्यात 'इक्विटी ७० टक्के'. मुलीचे वडील बँकेतले असले तर चष्मा काढून विचारतील, सत्तर टक्के कशाचे? प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच तिथे पाणी पिऊन घ्यायचं. मध्यस्थ सांभाळून घेतील की पोरगा हुशार आहे, शेती पण आहे. लग्न जमेल ते शेतीवर, पण 'माझ्या पार्टनरने माझ्या स्वप्नावर विश्वास ठेवला' ही पोस्ट तुमचीच. लग्नानंतर सुधा मूर्तींचं उदाहरण रोज द्यायचं, की १९८१ ला त्यांनी नवऱ्याला दहा हजार दिले म्हणून इन्फोसिस उभी राहिली. सराफ बाजार आपल्याकडे जवळच आहे, पुढचं बायको समजून घेईल.

आणि टीम. को-फाउंडर म्हणून होस्टेलचा रूममेट घ्या, त्याला सांगा चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे शेअर चार वर्षांत थोडे थोडे हातात पडणार, पहिल्या वर्षी काही नाही. तो अकराव्या महिन्यात हिंजवडीला जाईल. मग एक इंटर्न ठेवा. धरणगावची मुलगी, आठ हजार रुपये, तेही दोन महिने मागेपुढे, रोज एसटीने येणार. ॲप तीच बनवणार, बँकेत तीच जाणार, शेतकऱ्यांचे फोन तीच उचलणार, तुम्ही तिला 'वुई आर अ फॅमिली' म्हणायचं.

इथे एक धोका आहे, सावध राहा. फोन उचलता उचलता तिच्या लक्षात येणार की भावाचं कोणी विचारतच नाही, जो तो विचारतोय, ताई, उद्या गाडी मिळेल का? मग ती शंभर पानी वहीत ट्रकवाल्यांचे नंबर लिहायला लागणार. कोणाची गाडी दिल्लीहून रिकामी येतेय, कोणाचा ड्रायव्हर पोळ्याला गावी गेलाय, कोण वेळेवर येतो, कोण नुसता येतो म्हणतो. ती दोघांना जोडून देणार, आणि एक दिवस एखादा शेतकरी ऑफिसात येऊन टेबलावर दोनशेच्या दोन नोटा ठेवेल आणि म्हणेल, ताई, गाडी वेळेवर आली, हे ठेवा. कंपनी सुरू झाल्यापासून कोणीतरी स्वतःहून दिलेले ते पहिले पैसे असतील.

ताबडतोब थांबवा. तिला केबिनमध्ये बोलवा (केबिन नसेल तर जिन्यात) आणि समजावून सांगा की हे स्केलेबल नाहीये, वहीला एपीआय नसतो, इन्व्हेस्टरला आपण दलाली संपवणार म्हणून सांगितलंय आणि तू दलालीच करतेस. नोटा मात्र ठेवून घ्या. ती महिनाअखेर सोडून जाईल, वही घेऊन जाईल, जाऊ द्या. तुमच्याकडे डॅशबोर्ड आहे.

यानंतर बंद पडायचं, त्याची पण पद्धत असते. बायजूजचं मूल्यांकन २०२२ ला २२ अब्ज डॉलर आणि २०२४ ला दिवाळखोरीची प्रक्रिया, तर तुमच्या पाच कोटींचं काय घेऊन बसलात. काळ्या-पांढऱ्या फोटोखाली लिहा, 'आम्ही हरलो नाही, आम्ही शिकलो.' किती बुडाले तो आकडा पोस्टमध्ये टाकू नका, मामा लिंक्डइनवर नसला तरी मामेभाऊ आहे. कंपनी कागदावर बंद करायला सरकारची फी १०,००० रुपये आहे आणि त्याआधी राहिलेली सगळी रिटर्न भरावी लागतात, प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लेट फी. म्हणजे उघडायला लागले त्यापेक्षा मिटायला जास्त. सीएचे फोन उचलू नका, तो स्वतःच्या फीसाठी पण करत असतो.

आणि मग मेंटॉर व्हा. इतके दिवस बायोत 'फाउंडर' होतं, आता 'एक्स-फाउंडर', त्याचं वजन जास्त. तुम्हाला जिल्ह्यातली कॉलेजं बोलावतील, शाल, नारळ, मोमेंटो, आणि समोर तीनशे पोरं, त्यातली अर्धी अटेंडन्ससाठी. गोठ्यापासून सुरू करा, अमळनेरवरून जा, सात हजारावर थोडं थांबा. रॉकेल अजूनही नको.

जाताना बॅनर नीट वाचा. खाली बारीक अक्षरात 'अल्पोपहार सौजन्य' म्हणून एका ट्रान्सपोर्टचं नाव असेल आणि तिसऱ्या रांगेत ती धरणगावची मुलगी बसलेली असेल, मांडीवर फोन, फोन सारखा वाजतोय, ती कट करतेय. प्रश्नोत्तरात तिचा हात वर आला तर सूत्रसंचालकाला खूण करा की वेळ संपली, आणि कचोरी खाऊन घ्या, चांगली असते.