आधी खात्री, मग सूचना?

‘कॅम्पसवर काही घडलं तर विद्यापीठाने आधी पूर्ण खात्री करावी, मगच कळवावं, नाहीतर नुसती घबराट माजते. आणि कळवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच.’ असा मजकूर बराच फिरतोय. वाचायला समंजस वाटतो, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊ.

‘आधी पूर्ण खात्री’ हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला करून झालंय. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांना वाटलं, भांडण आपसातलं आहे, मारणारा निघून गेला असावा. वरिष्ठांची बैठक बसली. पहिला ई-मेल निघाला ९.२६ ला, आणि त्यात काय? गोळीबार झालाय, तपास सुरू आहे, सावध राहा. कुणी मेलंय, मारेकरी सापडलेला नाही, याचा उल्लेख नाही. ९.४० च्या सुमारास त्याच माणसाने नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत आणखी ३० जणांना मारलं. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. ‘बंदूकधारी मोकाट आहे, इमारतीतच थांबा’ हे ९.५० ला कळवलं गेलं! कॅम्पसच्या पोलिसांना स्वतःहून सूचना पाठवायची सोयच नव्हती, हे नंतरच्या चौकशीत उघड झालं.

२००८ मध्ये अमेरिकेतला कायदा बदलला: गंभीर धोका आहे याची पुष्टी झाली की ताबडतोब कळवायचं. पुष्टी फक्त धोक्याची; कोण, किती, कशासाठी हे नंतर.

घबराटीचं म्हणाल तर आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ कित्येक दशकं सांगताहेत की नेमकी माहिती मिळालेली माणसं सहसा सैरावैरा पळत नाहीत. खोट्या फोनमुळे सूचना जाते, हे मात्र खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्याच व्हिलानोव्हा विद्यापीठात तसंच झालं, मुलं जीव मुठीत धरून लपली. पण त्यावर उपाय म्हणजे ‘धोका टळला’ हेही तितक्याच तातडीने कळवणं.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप. परीक्षा चालू असताना फोन वर्गाबाहेर दप्तरात असतात, एरवी निम्मे ग्रुप म्यूटवर. तिथे भोंगा आणि लाउडस्पीकरच हवा. मजकूर आधीच लिहून ठेवलेला हवा, आणि तो पाठवायचा अधिकार रात्रपाळीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे हवा. रात्री दोन वाजता कुलगुरूंचा फोन लागेपर्यंत थांबणार कोण?