सिझरला भूलतज्ज्ञ कशाला, असं विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सिझरला आता पूर्ण भूल देत नाहीत, पाठीत एक इंजेक्शन दिलं की झालं. पाच मिनिटांचं काम, ते ऑपरेशन करणारा डॉक्टरही करू शकतो. पेशंट जागी असते, मग मॉनिटर आणि भुलीचं मशीन कशाला? अडचण आलीच तर भूलतज्ज्ञाला फोन करावा. बाकी सगळा बिल फुगवायचा धंदा.

मी भूलतज्ज्ञ आहे, माझी बरीचशी नोकरी बाळंतपणाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली.

इंजेक्शन पाच मिनिटांत होतं, हे खरं. औषधही जेमतेम दोन मिली. पण माझं काम तिथून सुरू होतं. बधिरपणा पायांकडून छातीपर्यंत चढत जातो, सिझरला तो तेवढा चढावाच लागतो. त्याबरोबर रक्तवाहिन्या सैल पडतात. वर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर असतो, म्हणून टेबल डावीकडे कलतं ठेवतो. तरीही वरचा बीपी बघता बघता 110 वरून 70 वर येतो. पुष्कळदा मॉनिटरच्या आधी बाईच सांगते, "मॅडम, मळमळतंय, कसंतरी होतंय." त्या क्षणी बीपी वाढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं, कारण बाळाला मिळणारं रक्त आईच्या बीपीवर चालतं.

हे सर्जननं करायचं कसं? त्यांचे हात पोटात आहेत. गर्भाशय आकसत नसेल, रक्त थांबत नसेल, तेव्हा ते टाके घेणार की सलाईन, रक्त आणि औषधं बघणार? आपल्या देशात मातामृत्यूचं सर्वांत मोठं कारण अतिरक्तस्रावच आहे. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हा राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भुलीचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं गेलं. काम फक्त सुई टोचण्याचं असतं तर एवढे आठवडे लागले नसते.

"जागी आहे" म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही. औषध फार वर चढलं तर आधी हात लुळे पडतात, आवाज बारीक होतो, मग श्वास थांबतो. शिवाय प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा वार सुटून धो धो रक्त जात असेल, तर पाठीतलं इंजेक्शन देताच येत नाही. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालावी लागते. गरोदरपणात घसा सुजलेला असतो, पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं आणि ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर घसरतो. म्हणून पहिली केस घेण्याआधी मी लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचा, दिवा लावून बघते, सक्शनच्या नळीवर बोट ठेवून ओढ तपासते, साडेसहा आणि सात नंबरच्या नळ्या उशाशी काढून ठेवते. नळी अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, हे कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर सर्वांत खात्रीनं सांगतो.

फोनचा मुद्दा एका वाक्यात संपतो: श्वास थांबल्यावर मेंदू काही मिनिटंच तग धरतो.

राहिलं बिल. ती काळजी खोटी नाही. पण 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असेल, तर ते भरा म्हणून आमदारांच्या मागे लागा.