टोपी कोणी कोणाला घातली

मांजराच्या नखांना टोप्या घालतात हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं तशी बरी गेली होती.

आमच्या मांजरीचं नाव मखमल. दोन महिन्यांचं ते पिल्लू मुलीनं तळहातावर घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे बारसं उरकलं. पाठ बघून नाव ठेवलं, पंजे कुणी तपासलेच नाहीत. वर्षभरात जुन्या सोफ्याच्या उजव्या हाताला अशा झिपऱ्या सुटल्या की मुलगी येता-जाता त्यांची वेणी घालायची. डावा हात मखमलनं शाबूत ठेवला होता. बहुधा उतारवयासाठी.

मग नवा सोफा आला. निळा, जाड सुती कापडाचा. बायकोनं त्या कापडाचे तुकडे चार महिने खिडकीशी धरून धरून रंग पक्का केला होता. सोफा दिवाणखान्यात टेकला, तशी मखमल आली. तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, एका कोपऱ्याचा वास घेतला, मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचे दोन्ही पंजे त्या कोपऱ्यावर ठेवून छान आळस दिला. बायको ‘मखे!’ म्हणून अशी काही ओरडली की सोफा पोचवून जिना उतरणारी दोन माणसं आपलंच काही चुकलं समजून परत वर आली.

मांजर सोफा ओरबाडतं ते आपला सूड घ्यायला, असं मला आजवर वाटायचं. तसं काही नसतं. नखावरचं जुनं आवरण झिजलं की ते उपसून काढायचं असतं, म्हणजे आतून धारदार नवं नख मोकळं होतं. झोपून उठल्यावर खांद्यापासून पाठीपर्यंत सगळं अंग ताणायचं असतं. शिवाय पंज्यात वासाच्या ग्रंथी असतात. ओरबाडलेल्या जागी तो वास बसतो आणि दुसऱ्या मांजरांना कळतं की इथे कुणाची वहिवाट आहे. म्हणजे आम्ही ज्याला सोफ्याचा कोपरा म्हणत होतो ती तिची व्यायामशाळा होती, नखं कोरायची जागा होती आणि दारावरची पाटीही. हप्ते तेवढे आमच्या नावावर.

उपाय करून झाले. काथ्या गुंडाळलेला एक खांब आणला. तो होता माझ्या गुडघ्याएवढा आणि मखमलनं पंजा लावला की डुलायचा. शिवाय दिसायला बरा नाही म्हणून बायकोनं तो दाराआड ठेवला. मखमलनं त्याच्याकडे दाराआडच्या वस्तूकडे बघावं तसंच बघितलं. मग सोफ्याच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. मांजरांना पंज्याला चिकट लागलेलं आवडत नाही, हे खरं आहे. पण मलाही पँटला चिकट लागलेलं आवडत नाही, याचा विचार कुणी केला नव्हता. पाण्याचा फवाराही मारून बघितला. त्यातून ती एवढंच शिकली की हा माणूस खोलीत असताना ओरबाडायचं नाही.

एका नातलगांनी फोनवर तोडगा सांगितला, ‘‘अहो, नखंच काढून टाका ना एकदाची!’’ जसं काही दाराची कडी काढायची आहे. मांजराचं नख नुसतं उपटता येत नाही. ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणून ते हाडच छाटावं लागतं. आपल्या दहा बोटांची टोकं पहिल्या पेरापासून उडवल्यासारखं आहे हे. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे, न्यूयॉर्क राज्यानं २०१९ साली बंदी घातली. मी हे सगळं त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, ‘‘मग सोफ्याला कव्हर घाला.’’ चार महिने निवडलेल्या निळ्या रंगावर कव्हर! हे वाक्य मी बायकोपर्यंत पोचू दिलं नाही. नातलग आहेत, टिकायला हवेत.

अशा वेळी मुलीनं त्या टोप्या शोधून काढल्या. मऊ प्लास्टिकच्या, पोकळ, आकारानं थेट नखासारख्या. आत गोंदाचा थेंब सोडायचा आणि नखावर चढवायची. टोक बोथट झालं की मांजर कितीही ओरबाडो, दोरा निघत नाही. पाकिटात ४० टोप्या, गोंदाच्या दोन इवल्या नळ्या आणि एक माहितीपत्रक. रंग मुलीनं निवडला. गुलाबी. पत्रकावर एक स्त्री मांडीवर मांजर घेऊन बसली होती आणि दोघीही हसत होत्या. त्या मांजराला नक्की किती पैसे दिले होते, याची मला आजही उत्सुकता आहे.

मांजराला एकूण १८ नखं असतात. पुढच्या पंज्यांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. सोफ्याचा गुन्हा पुढच्या पायांचा, म्हणून आम्ही दहांवरच कारवाई करायचं ठरवलं. रविवारची दुपार धरली. मखमल गाढ झोपली होती. कुठे? नव्या सोफ्यावर. ‘‘बाबा, तिला तिथून हलवू नका, ती तिथे शांत असते,’’ मुलगी म्हणाली. पुढे जे घडलं त्याची जबाबदारी मी या वाक्यावर टाकायचा पुष्कळ प्रयत्न केला. घरात कुणी ती टाकू दिली नाही.

आधी नखाचं टोक कापायचं. पंजा वरून आणि खालून हलकेच दाबला की म्यानातून निघाल्यासारखं नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी रेघ दिसते. तिच्यात रक्त आणि संवेदना दोन्ही असतात, तिला धक्का लावायचा नाही, पुढचं पारदर्शक टोक तेवढं उडवायचं. हे मला जमलं. झोपेत तिनं एक डोळा अर्धा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिटला. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे.

मग गोंद. टोपीत एक तृतीयांश भरायचा, जास्त नाही. पहिली टोपी बसली. दुसरी बसली. तिसरीच्या वेळी मखमलनं पाय आखडून घेतला आणि टोपी तिच्या नखाऐवजी माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधोमध बसली. बोटं सोडवायला गेलो, तर सुटेनात.

हा गोंद म्हणजे सायनोअक्रिलेट. झटपट चिकटणाऱ्या सगळ्या गोंदांच्या घराण्यातला. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना तो त्यांच्या हाती लागला, आणि ज्याला त्याला चिकटतो म्हणून तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. त्यांच्या वैतागाचं मर्म मला ऐंशी वर्षांनी बरोबर समजलं. हा गोंद हवेनं वाळत नाही, तो ओलाव्यानं घट्ट होतो. मांजराचं नख असतं ठणठणीत कोरडं, त्यामुळे तिथे त्याला वेळ लागतो. आणि घाबरलेल्या माणसाची बोटं घामानं डबडबलेली असतात, तिथे तो क्षणात धरतो. म्हणजे माणसाला आधी आणि मांजराला मग चिकटणारा गोंद निवडायचाच असता, तर याहून चांगला मिळाला नसता.

‘‘हलू नकोस,’’ बायको म्हणाली. ती मला म्हणाली की मखमलला, हे ठरायच्या आत मखमल हलली. माझ्या मांडीवरून, टॉवेलसकट, सोफ्याच्या पाठीवरून कपाटाच्या माथ्यावर. जाताना तिचा पाय गोंदाच्या उघड्या नळीला लागला आणि नळी सोफ्यावर आडवी झाली. मी मोकळा हात त्या डागावर ठेवणार तोच मुलगी ओरडली, ‘‘बाबा, हात नको!’’ घरात एक तरी माणूस शहाणं निघालं. कारण सुती कापडावर हा गोंद पडला की नुसता चिकटत नाही, धागे भराभर शोषून घेतात, तो झपाट्यानं घट्ट होतो आणि चक्क तापतो. निळ्या कापडावर तळहाताएवढा डाग आमच्यासमोर काळपट होत गेला. वाफेसारखा उग्र वास डोळ्यांत चुरचुरला. बायकोनं खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत तिथे सोफा नव्हता, फरशी होती. नखानं टकटक केलं तर आवाज यायचा.

असिटोननं हा गोंद सुटतो. म्हणून नेलपॉलिश काढायची बाटली आली आणि माझी दोन बोटं तासाभरानं एकमेकांपासून वेगळी झाली. मांजराच्या अंगाला मात्र ते लावायचं नाही, हे लक्षात ठेवलं होतं. सोफ्याला लावायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाटलीनं गोंद थोडा गेला, निळा रंग सगळा गेला. आता तिथे काळपट कडेचा पांढरा डाग आहे. लांबून बघितलं तर पंजाच्या ठशासारखा दिसतो.

उरलेल्या आठ टोप्या आम्ही तीन रात्रींत घातल्या. ती झोपली की दोन-तीन, चोरासारख्या. जमिनीवर, जुनी चादर अंथरून. टोपी नखाच्या मुळापर्यंत रेटायची नाही, नाहीतर नख आत ओढून घेता येत नाही आणि कातडीला टोचतं. एकेक घातली की गोंद धरेपर्यंत पाच मिनिटं पंजा हातात धरून बसायचं. रात्री साडेअकराला झोपलेल्या मांजराचा पंजा हातात घेऊन एक माणूस जमिनीवर बसलाय, हे दृश्य मी स्वतः बाहेरून बघितलं असतं तर मला त्याची काळजी वाटली असती.

पहिला दिवस तिनं ओल्या फरशीवरून चालल्यासारखा काढला, एकेक पाय झटकत. मग चावून बघितलं, चाटून बघितलं. एखादी गिळली तर, या भीतीनं मी डॉक्टरांना फोन केला. सहसा आपोआप बाहेर पडते, उलट्या झाल्या किंवा खाणं सोडलं तर घेऊन या, म्हणाले. आणि बजावलं की मांजर घरातच राहणारं असेल तरच हे करा. बाहेर जाणाऱ्या मांजराला झाडावर चढायला आणि कुत्र्यापासून जीव वाचवायला नखं लागतात. मखमलचं बाहेर जाणं खिडकीच्या कठड्यापर्यंतच, त्यामुळे ते ठीक होतं.

आणि खरं सांगतो, टोप्या चालल्या. ती पूर्वीसारखीच सोफ्याच्या कोपऱ्याशी उभी राहायची, तोच आळस, तोच आवेश, पण ‘खर्रर्र’ ऐवजी ‘थप थप’. सोफा जसाच्या तसा. पडद्यावर चढायला गेली ती अग्निशमन केंद्रातल्या खांबावरून उतरावं तशी सावकाश घसरत खाली आली आणि खाली पोचल्यावर, आपल्याला उतरायचंच होतं, अशा चेहऱ्यानं पंजा चाटू लागली. आणखी एक गंमत म्हणजे फरशीवर टोप्यांचा आवाज यायचा. टिक, टिक, टिक. मांजर येतंय हे आता दोन खोल्या आधी कळायचं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यावर उंदरांनी इतक्या सभा घेतल्या, पण पायाकडून सुरुवात करावी हे एकालाही सुचलं नाही.

चार ते सहा आठवड्यांत नखावरचं आवरण सुटतं तशा टोप्याही गळतात. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यापासून गळायला लागल्या. एक माझ्या बुटात सापडली, चालताना. एक मुलीच्या कंपासपेटीत. एक कार्यालयातल्या बैठकीत माझ्या स्वेटरच्या बाहीवरून टेबलावर पडली. शेजारच्या सहकाऱ्यानं ती उचलली, बोटात फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जास्तच सौजन्यानं वागतो.

पाच टोप्या आम्ही पुन्हा घातल्या, मग कंटाळलो. पाकिटात अजून २४ शिल्लक आहेत. दुसरीकडे बायकोनं माघार घेऊन एक नवा खांब आणला, मखमल पूर्ण ताणली तरी पुरेल एवढा उंच आणि न डुलणारा. तो दाराआड नाही, थेट सोफ्याच्या त्या कोपऱ्याला खेटून ठेवला. मखमल आता तोच ओरबाडते. दिवाणखान्यात दिसायला तो भयंकर आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

सोफ्यावरच्या डागावर एक उशी असते. पाहुणे मात्र नेमके तिथेच बसतात आणि टेकायला नेमकी तीच उशी उचलतात.

‘‘अरेरे! मांजरानं केलं वाटतं?’’

बायको माझ्याकडे बघते. मुलगी माझ्याकडे बघते. खांबाशेजारी बसलेली मखमलही माझ्याकडेच बघत असते.

‘‘हो ना,’’ मी म्हणतो. ‘‘मुकं जनावर. काय बोलणार त्याला?’’