पत्र कोणी उघडले, हे कळण्याचा हक्क

टपाल खात्यात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे श्रीवर्धन व म्हसळा तालुक्यांतल्या लहान कार्यालयांत गेली. सुरुवातीच्या काळात वाड्यांवरच्या अनेक घरांत पत्र वाचणारे कोणी नसे. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली, की तिच्या कुपनावरच्या दोन ओळी आम्हीच वाचून दाखवायचो. अंतर्देशीय पत्रही आम्हीच उघडायचो, पण ते त्या माउलीच्या समोर आणि तिने सांगितल्यावर. कोणाची गिरणी बंद पडली, कोणाच्या लेकीचे लग्न मोडले, हे सारे आम्हाला ठाऊक असे आणि ते एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जात नसे. खात्याची शिस्तही तशीच होती. ज्या पत्राचा मालकच सापडत नाही, ते पत्र ‘रिटर्न लेटर ऑफिस’कडे जायचे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यापुरतेच तिथे उघडले जायचे.

हे आठवण्याचे कारण माझी पुतणी. ती मुंबईत एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. आपल्या आजारपणाबद्दल तिने कार्यालयाच्या ईमेलवरून डॉक्टरांना दोन पत्रे लिहिली होती. काही दिवसांनी तिच्या वरिष्ठांनी चार माणसांदेखत त्या आजाराचा उल्लेख केला. कंपनीचा ईमेल कामासाठी असतो, हे मला मान्य आहे. परंतु तो वाचला जाईल, कोण वाचेल आणि कशासाठी वाचेल, हे तिला आधी कोणीही सांगितलेले नव्हते. रुमानियातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत असाच प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे आला होता. नोकरीच्या जागीही माणसाचा पत्रव्यवहार खासगी राहतो आणि त्यावर नजर ठेवायची असेल तर त्याला आधी कल्पना द्यायला हवी, या अंगाने त्या न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने उलट रोजगाराच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला देऊन ठेवली आहे.

ईमेलला कुलूप असते असे अनेकांना वाटते. टपालाच्या भाषेत सांगायचे तर कुलूप असते ते थैलीला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना थैलीचे तोंड बांधून मोहोर लावतात, त्यामुळे वाटेत कोणाला आत हात घालता येत नाही. पण मुक्कामाला थैली उघडली, की आतली पोस्टकार्डे तिथल्या माणसाला सरळ वाचता येतात. आपण रोज वापरतो ती ईमेलची सेवा बहुतांशी अशीच चालते. जिच्याकडे आपली पेटी आहे त्या कंपनीला मजकूर वाचता येतो आणि म्हणूनच सरकारने मागितला तर तिला तो देताही येतो. शिवाय मजकूर बाजूला ठेवला, तरी कोणी, कोणाला, किती वाजता, कितीदा लिहिले एवढ्या नोंदीवरूनही माणूस पुष्कळ ओळखता येतो. बटवडा करणाऱ्या पोस्टमनला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता कायद्याकडे वळतो. ज्या १८८५ साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य इंग्रजांनी घेतले आणि पुढे त्याला रत्नागिरीत नजरकैदेत आणून ठेवले, त्याच साली आपल्याकडे तार कायदा झाला आणि संदेश अडवण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. स्वातंत्र्यानंतरही तो अधिकार राहिला आणि फोन ऐकण्यासाठीही तोच वापरला गेला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला बांध घातले: आदेश गृहसचिवाने द्यावा, समितीने तो दोन महिन्यांत तपासावा आणि सहा महिन्यांपलीकडे तो चालू नये. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मात्र तेव्हा मान्य झाली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले, कारण तार कायद्याची अट सार्वजनिक आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची होती आणि त्या प्रकरणात यांपैकी काहीच नव्हते.

हेच संरक्षण ईमेलला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. ईमेलसारखा संगणकातला मजकूर सरकार पाहते ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, आणि त्यात आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची ती अट नाहीच. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारणही तिथे पुरते. त्याच कलमाखाली २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्राने दहा यंत्रणांना असा मजकूर पाहण्याचे अधिकार दिले. फोन असो वा ईमेल, आदेश देतो तो सचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे, की या तपासणी समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. बैठक आठ तास चालली असे धरले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला सुरक्षेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी २५७ माणसांचा जीव घेणाऱ्या स्फोटांसाठीची स्फोटके याच श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली होती. पण ती उतरली त्यात पहारा ठेवणाऱ्यांचाही हात होता. कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसे पुढे न्यायालयात दोषी ठरली. ज्याच्या हाती टेहळणी दिली त्याच्यावर त्याच्या खात्याबाहेरच्या कोणाची नजर असणे हा सुरक्षेचाच भाग आहे, असे मी म्हणतो, ते या अनुभवावरून.

म्हणून आमच्या खासदारांना मी लेखी निवेदन दिले आहे. त्यात दोनच गोष्टी मागितल्या आहेत. ईमेल उघडण्याचा आदेश सरकारबाहेरच्या न्यायाधीशाने आधी पाहावा. आणि तपास संपल्यावर, अपराध सिद्ध झाला नसेल तर, ज्याची पत्रे वाचली त्याला तसे कळवावे. आजच्या नियमांत असे कळवण्याची तरतूदच नाही. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची, म्हणजे आजी किंवा माजी वरिष्ठ न्यायाधीशाची, मान्यता आवश्यक केली, तेव्हा पहिली मागणी काही अशक्य कोटीतली नाही. दुसरीसाठी मी अधिक हट्टाने भांडेन. ज्याला आपले पत्र उघडले गेले हेच ठाऊक नाही, त्याने दाद कोणत्या न्यायालयात आणि कशाच्या आधारे मागायची?

पुतणीला निदान वरिष्ठांच्या त्या बोलण्यातून कळले तरी. कोणी, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून वाचले, असे तिने कंपनीला लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही. आता ती डॉक्टरांना लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसते.