‘दिसेल त्याला उचलले, पळाला त्याला लटकवले’: इंग्रजी आरमारावरच्या एका मजकुराला उत्तर

कोल्हापुरातल्या इतिहासप्रेमींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: नेपोलियनच्या काळात इंग्रज आरमारासाठी गुत्त्यांतून दिसेल त्याला उचलत, बिअरच्या पेल्यात शिलिंगचे नाणे टाकून फसवत (ते हाती आले की भरती कबूल केली असे धरत), भित्रे खलाशी पळत, पळालेल्याला फाशी ठरलेली, आणि असल्या वेठीच्या खलाशांनीच 1765 मध्ये करवीरकरांचा सिंधुदुर्ग घेतला. सक्तीची भरती हा घोर अन्याय होता, याबद्दल आमचा वाद नाही. पण हा मजकूर वाचून तो अन्याय नेमका कुणावर झाला तेच कळत नाही.

‘दिसेल त्याला’ हे पहिले चूक. 74 तोफांच्या जहाजाला सुमारे 600 माणसे लागत. तोफ ओढायला किंवा दोर खेचायला नवखा चालतो; वाऱ्यात डोलकाठीवर चढून परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीवर, ओणवे होत शीड आवळायला मात्र समुद्रावर वर्षे काढलेला माणूसच हवा. ब्रिटिश संसदेने आरमारासाठी मंजूर केलेली माणसे 1792 मध्ये 16,000 होती, 1812 मध्ये 1,45,000. एवढे कसलेले खलाशी मिळणार कुठून? व्यापारी जहाजांवरून. म्हणून सक्तीने धरून नेण्याचे वॉरंट होते ते 18 ते 55 वयाच्या दर्यावर्दी माणसांसाठी. बंदरात एक लेफ्टनंट आणि त्याची टोळी खानावळीत ठाण मांडून बसे आणि हाताला डांबर, चालीला डोल असलेला माणूस हेरून धरे. चुकून विणकर किंवा शेतमजूर सापडला, तर त्याला अर्ज करून सुटता येई. शिलिंगाची गोष्ट तर निव्वळ दंतकथा आहे. वॉरंट हातात असताना संमतीची गरजच नव्हती, मग फसवायचे कशासाठी?

सर्वांत चांगली पकड भर समुद्रात होई. दोन-दोन वर्षांच्या सफरीहून परतणारे व्यापारी जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आले, की आरमाराची नाव त्याला भिडे आणि उत्तम खलाशी उतरवून घेई. जहाज बंदरात पोचवायला बदली माणसे देत. कप्तान, त्याचे मेट (हाताखालचे अधिकारी) आणि शिकाऊ पोरे यांना हात लावायचा नसे. काहींकडे वय, उंची, व्रण लिहिलेले संरक्षणपत्र असे, पण निकड वाढली की ते कागदही न मानण्याचा हुकूम निघे. पकडलेल्याला ‘स्वखुशीने आलो’ म्हण, म्हणजे भरतीचे बक्षीस मिळेल, असे सांगत. त्यामुळे हजेरीपटावरचे ‘स्वयंसेवक’ किती खरे, यावर इतिहासकार आजही भांडतात. हुन्नर अंगी असणे हाच या माणसांचा गुन्हा ठरला, आणि तो मजकूर नेमके हेच झाकतो.

‘भित्रे पळत.’ तेही नाही. कसलेल्या खलाशाचा पगार 28 दिवसांना 24 शिलिंग, 1653 मध्ये ठरलेला, तो 1797 पर्यंत तसाच राहिला. युद्धात व्यापारी जहाजे त्याच्या कितीतरी पट देत. आरमाराचा पगार महिनोन्महिने तुंबवून ठेवत आणि पळालेल्याची सगळी बाकी बुडे. त्यामुळे ज्याची बाकी कमी, तो नवा माणूस आधी पळे, पहिल्या काही महिन्यांत. पाणी भरायला गेलेल्या होडीतून किंवा एका जहाजावरून दुसऱ्यावर हलवताना संधी मिळे. पळतील म्हणून किनाऱ्यावर सोडत नसत, आणि सोडत नाहीत म्हणून माणसे पळत. स्वखुशीने आलेलेही पळत. इंग्रज नौसेनापती नेल्सनने 1803 मध्ये मागच्या युद्धातल्या पळालेल्यांचा आकडा 42,000 सांगितला. त्यातले कित्येक नाव बदलून पुन्हा दुसऱ्या जहाजावर चढत. भित्री माणसे असे करत नाहीत.

1797 मध्ये इंग्लंडातल्या स्पिटहेड या आरमारी नांगरतळावर हीच माणसे बंड करून उठली. त्यांनी मागितले काय? पगारवाढ, पुरवठा-अधिकारी शिधा देताना वजनाचा पौंड 14 औंसांचाच मोजे त्याऐवजी पुरा 16 औंसांचा, ताजी भाजी, आजाऱ्यांची काळजी, घरी जायला रजा. फ्रेंच बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू, हेही त्यांनी सांगितले. पगार 29 शिलिंग 6 पेन्स झाला, पौंड पुरा मिळाला.

फाशीचे थोडक्यात. कायद्यात ‘मृत्यू किंवा अन्य शिक्षा’ असे होते. प्रत्यक्षात निव्वळ पळाल्याबद्दल फाशी क्वचितच. नेहमीची शिक्षा आसुडाचे फटके. लष्करी न्यायालयापुढे गेले तर शेकड्यांनी, होडीत बांधून जहाजाजहाजाशी नेऊन. दया म्हणून नव्हे. माणसांचीच टंचाई, लटकवून तोफेवर उभे कुणाला करणार? हजेरीपटावर नावापुढे ‘आर’ (‘रन’, म्हणजे पळाला) पडला तरी तो अर्ज करून काढून घेता येई, कारण इस्पितळात राहिलेल्यालाही तो चुकून लागे.

आता मालवण. 1765 मध्ये सिंधुदुर्ग घेतला तो मुंबईहून आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने आणि तिच्याच बॉम्बे मरीन या आरमाराने, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली. हे इंग्लंडच्या राजाचे आरमार नव्हे, आणि सक्तीची भरती होई ती राजाच्या आरमारासाठी. इंग्लंडचे युद्ध 1763 मध्ये संपलेले होते. नेपोलियनचा तर जन्मच 1769 चा. कंपनीने किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन तो करवीरला परत केला.

सक्तीच्या भरतीचा आपल्या किनाऱ्याशी संबंध होता, तो वेगळ्या वाटेने. हिंदुस्थानात आलेली राजाची लढाऊ जहाजे कंपनीच्या व्यापारी जहाजांवरून गोरे खलाशी काढून घेत. मग परतीच्या सफरीसाठी मुंबई-कलकत्त्यात सारंगांमार्फत (खलाशांच्या मुकादमांमार्फत) आपले लस्कर, म्हणजे देशी खलाशी, भरले जात. एरवी इंग्रजी जहाजावर तीन चतुर्थांश माणसे इंग्रज हवीत असा कायदा होता. युद्धात तो सैल करत.